भावकी

संक्रांतीच्या चौथ्या दिवशी, नेरूळमध्ये,
बागेमागच्या विलायती शिरिषावर
मांज्यात अडकलेलं वटवाघूळ उतरवायला मी चढलो.
शिडी तीन भागांची. खाली मोबाइल उंचावलेली माणसं.
वर ती नि मी.

पंख फाटक्या छत्रीसारखे. तोंड मात्र कुत्र्याचं,
नुकते डोळे उघडलेल्या गावठी पिल्लाचं.
थांब गं बये, म्हणालो.
हातमोजा आगीसाठी शिवलेला,
दातांसाठी नाही.
अंगठ्याच्या बुडाला दोन टिपके,
सुई टोचून दोरा ओवायचा विसरल्यासारखे.

ती दुपारीच मेली, बिस्किटांच्या खोक्यात.
डॉक्टर गजरेबाईंनी तिचं डोकं बर्फात घालून पुण्याला पाठवलं.
मला वाशीला इंजेक्शनं:
शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस.
पाढा कुठलाच नाही हा, तरी पाठ आहे.
जखमेत टोचलं ते वेगळं. तेव्हा आई आठवली.

विसाव्या दिवशी फोन.
'रेबीज नाही,' बाई म्हणाल्या.
मी खुर्चीतून उठलो.
'बसा.' फोनवर त्यांना कसं दिसलं, कोण जाणे.
'रेबीज नाही, पण त्याच घरातलं. चुलत म्हणा.
क्वचित कुणाच्या वाट्याला येतं.'
'मग लस चालते ना?'
'चालावी.'

चालते नाही. चालेल नाही.
चालावी.
शाळेत व्याकरणाच्या तासाला मी खिडकीबाहेर असायचो,
त्या दिवशी एका विध्यर्थावर बसून राहिलो
ड्यूटी संपेपर्यंत.

घणसोलीत काकाला सांगितलं.
भावकी म्हणजे काकाचा प्रांत;
साडेबारा टक्क्यांचे भूखंड निघाले तेव्हा
कुठकुठले सहा चुलते उगवले होते,
त्यानं एकेकाला ओटीवर बसवून परत पाठवलं.
'आरं पन नाव काय त्याचं?'
नाव नाही अजून, म्हटलं. नंबर आहे.
'मंग कागद नाय त्याचा. कागद नाय त्याला हक्क नाय.'
हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण चुलते असेच येतात, काका.
आधी गप्प. मग बोटाच्या टोकाला
नसेच्या बांधाबांधानं चालत वर,
घाई नाही, दिवसाला बोटभर म्हणे,
डोक्यातल्या वाटणीपर्यंत.

माझं काम पाण्याचं.
पावण्याला रसायनाचं गोदाम पेटलं तेव्हा
अकरा तास नळी खांद्यावर होती,
पाणी कानात, बुटात, मिशीत.
आता फुलपात्र तोंडाशी नेताना
घशाकडे कान लावतो.
आवळतोय का. मान वळतेय का.
आवळत नाही. वळत नाही.
पण इतकं निरखून प्यायलं
की ते पाणी राहत नाही,
हजेरी होते.

स्टेशनवर गायकर डबा घेऊन लांब बसायला लागला.
मी काही बोललो नाही.
मार्चात एकदा शेजारी येऊन बसला,
बोंबलाचं सुकं माझ्या ताटात वाढलं.
तोही काही बोलला नाही.

सहा महिने झाले. बाई म्हणतात, वर्ष धरा.
एखाद्याला त्याहून जास्त.
शिरिषावर ती सगळी अजून टांगलेली आहेत,
पहाटे परतून जागेवरून भांडतात
अगदी सोसायटीच्या सभेसारखी.
सोसायटीनं अर्ज दिलाय, झाड तोडा.
आमच्या दलाचा अभिप्राय मागवला, कागद फिरत माझ्याकडे आला.
लिहिलं: 'मांजा काढावा.'
पुन्हा तोच. विध्यर्थ.

काल रात्री लेक म्हणाली,
बाबा, पिण्याआधी ग्लासात काय बघता?
कचरा, म्हटलं.
'मोरब्याचं आहे,' ती म्हणाली, 'स्वच्छ असतं,'
आणि अर्धा ग्लास स्वतः पिऊन
उरलेला माझ्या हातात दिला.